भडकणं हा एडीएचडीचाच भाग आहे

मधली_सुट्टी:
काल इथे कुणीतरी एडीएचडीबद्दल, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता असणाऱ्या विकाराबद्दल, लिहिलं, 'एडीएचडी म्हणजे लाडावलेल्या पोरांना मिळालेलं फॅशनेबल नाव. वस्तू आपटणं हा आजार नाही, दोन फटके पुरेत.' ते वाचून डोकं उठलंय, म्हणून सविस्तर लिहितेय.

माझा मुलगा तिसरीत आहे. खोडरबर सापडलं नाही की कंपासपेटी भिंतीवर, मग वहीचं पान टराटरा. थोड्या वेळाने पलंगामागे बसून हुंदके देत विचारतो, 'मी असं का करतो गं?' शाळेत, क्लासमध्ये फटके मिळाले. रडणं वाढलं, राग तसाच. आणि मोबाईलला दोष देणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, जॉर्ज स्टिल या डॉक्टरांनी 1902 साली लंडनच्या व्याख्यानांत अशाच मुलांबद्दल सांगितलं होतं. हा अनावर रागही त्यात होता.

तर्ककर्कश:
त्रास खरा आहे, मान्य. पण डीएसएम-5 चे, म्हणजे मनोविकारांच्या निदानासाठी वापरतात त्या अमेरिकन पुस्तकातले, निकष बघा. लक्ष न लागणं आणि चंचलता-उतावीळपणा, बस. रागाचा उद्रेक त्यात नाही. आणि हल्ली जो तो 'रिजेक्शन सेन्सिटिव्ह डिस्फोरिया' (नकार फार जिव्हारी लागणं) म्हणतो, ते तर अधिकृत निदानच नाही. आमच्या ऑफिसातला एकजण मीटिंगमध्ये ज्युनिअर मुलीवर ओरडला आणि वर म्हणाला, 'मला एडीएचडी आहे, समजून घ्या.' लक्षणं 12 वर्षांच्या आधीपासून असावी लागतात. तिशीत रील बघून होत नाही हे.

निवृत्त_मास्तर:
वर्गात साठ पोरं, वर निवडणुकीची कामं, जनगणना. त्यात एक कंपास फेकणार. बाकीच्यांनी काय करायचं? शिक्षकाचा विचार कुणी करत नाही. आणि आता म्हणे गोळ्या देऊन पोरं गुंगीत ठेवायची.

गोदाकाठ:
मास्तर, कसली गुंगी? एडीएचडीवर देतात ते मिथाइलफेनिडेट उत्तेजक आहे. माझं निदान चाळिशीत झालं, पण शाळेच्या प्रगतिपुस्तकांत सगळं लिहिलेलं होतं. खरा छळ औषध मिळवण्याचा आहे. शेड्यूल एक्समधलं, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या सरकारी यादीतलं, म्हणून चिठ्ठी दोन प्रतींत. मागे एका मेडिकलमध्ये काउंटरवरचा पोरगा चिठ्ठी उलटसुलट करून मोठ्याने म्हणाला, 'हे नशेचं आहे, आम्ही ठेवत नाही.' मागे आमच्या सोसायटीतले दोघे उभे. ज्याला एक कागद सांभाळता येत नाही त्यालाच दोन कागद घेऊन गावभर फिरवायचं!

औषधवाला:
शिव्या आम्हालाच घाला. त्या औषधांना वेगळा परवाना लागतो, कुलपात ठेवावी लागतात, रजिस्टर लिहावं लागतं, चिठ्ठीची प्रत दोन वर्षं जपावी लागते. कधीमधी एखादी पट्टी खपते. त्यासाठी इन्स्पेक्टरला कोण तोंड देणार? एडीएचडीचं दुसरं औषध, एटोमॉक्सेटिन, साध्या चिठ्ठीवर मिळतं, ते घ्या.

गोदाकाठ:
ते घेतलंय. पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे जातात, आणि मला तोंड कोरडं पडण्यापलीकडे काही मिळालं नाही.

तर्ककर्कश:
नियम उगाच नाहीत. परीक्षेच्या आधी हॉस्टेलात या गोळ्या वाटताना पाहिल्यात मी.

गोदाकाठ:
मग वाटणाऱ्यांना पकडा ना! नियम काढा असं कोण म्हणालं? जिल्हा रुग्णालयात तरी हमखास मिळावं, एवढंच मागतोय.

विदर्भकन्या:
औषधाचं काय घेऊन बसलात! 2016 च्या दिव्यांग कायद्यात 21 प्रकार आहेत. अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी नाही. भाचीसाठी प्रमाणपत्र मागायला गेलो तर 'सोबत अध्ययन अक्षमता असेल तर बघू' म्हणाले.

मधली_सुट्टी:
धागा मेडिकलच्या काउंटरवरच अडकला. मूळ मुद्द्यावर येते. तर्ककर्कश, निकषांत राग नाही, हे बरोबर. पण त्याच पुस्तकात निकषांनंतर चिडचिड, चटकन वैतागणं, मूड पालटणं ही सोबतची लक्षणं म्हणून दिली आहेत. तेही वाचा. औषधाने लक्ष सुधारतं, राग काही जणांचा कमी होतो, सगळा नाही. म्हणून आम्ही पालकांचं प्रशिक्षणही घेतो. राग चढलेला असताना एक शब्द बोलायचा नाही. उतरल्यावर फाटलेलं पान त्यानेच चिकटवायचं. ओरडायची मुभा मी कुणासाठीच मागत नाहीये.

निवृत्त_मास्तर:
पान त्यानेच चिकटवायचं, हे पटलं. पण साठ पोरांत राग उतरेपर्यंत थांबायचं कुणी?

मधली_सुट्टी:
एकट्या शिक्षकाने नाही. शाळेत समुपदेशक हवा. आमच्या शाळेत पद आहे, माणूस नाही.

तर्ककर्कश:
सोबतची लक्षणं वाचली. आहेत, ठीक आहे. पण आमच्या ऑफिसातल्या त्या माणसाने त्या मुलीची माफी अजून मागितलेली नाही.