अमळनेरच्या रथाच्या रात्री तुम्ही कुठे होता?

वैशाख लागला की बोरी नदीच्या पात्रात पाळणे आणि दुकानं उभी राहतात. शुद्ध एकादशीला संत सखाराम महाराजांचा रथ, पौर्णिमेला पालखी. महाराजांनी समाधी घेतली १८१८ साली, आणि आजही गावाचं वर्ष या रथावरून मोजलं जातं: "रथाआधी येशील की नंतर?" मी बाहेरगावी राहते. आमचं घर रथाच्या वाटेवर. आई दुपारीच ओटा धुऊन आरतीचं ताट मांडून ठेवायची, मग रथ कितीही उशिरा येवो. तुमच्या आठवणी सांगा, सविस्तर सांगा.

मोगरीवाल्याचा मुलगा
लोक दोर ओढतात तो रथ सगळ्यांना दिसतो. मला चाक आठवतं. रथाला ब्रेक नसतो. लांब दांड्याची लाकडी मोगरी चाकाखाली सरकवली की रथ थांबतो. एकाच बाजूच्या चाकाला दिली की त्या बाजूला वळतो. ती कधी द्यायची आणि कधी ओढून घ्यायची, हे वडिलांना चाकाच्या आवाजावरून कळायचं. एका वर्षी बोट सापडलं, नख काळंनिळं झालं, तरी मोगरी दुसऱ्याच्या हाती दिली नाही. मला पहिल्यांदा सोबत नेलं तेव्हा एवढंच म्हणाले, "चाककडे देख, लोकेसकडे नको."
वडील गेले त्याला सहा वर्षं झाली. त्यांची जागा आता मी घेतो, आणि अजून लोकांकडे बघत नाही.

सुरतहून
लूमवर आहे. दिवाळी हुकली तर चालतं, रथ नाही. रात्रीची गाडी पकडायची, नंदुरबार, दोंडाईचा मागे पडलं की झोप उडते. एका वर्षी शेठने सुट्टी दिली नाही. बहिणीने व्हिडिओ कॉल लावला, पण गर्दीत चित्र अडकलं. नुसता टाळांचा आवाज येत होता. तोच ऐकत लूमजवळ उभा राहिलो.

पारोळ्याची सून, अमळनेरची लेक
एकादशीला उपास, म्हणून भगर. खरी धामधूम बारसला, म्हणजे द्वादशीला. पालथ्या खापरावर मांडे! आजी पुरणाचा मांडा हातांवर फिरवत कोपरापर्यंत न्यायची आणि खापरावर अलगद टाकायची. सोबत आमरस, कुरडया. सगळ्या लेकी माहेरी, रात्री गच्चीवर एकाच ओळीत अंथरुणं. मला तो मांडा अजून जमत नाही, मधोमध फाटतो.

हरवलेली मुलगी
सात वर्षांची होते. आजी म्हणाली होती, "मना हात सोडू नको," आणि पिपाणीच्या नादात मी सोडला. एका बांगडीवाल्या मावशीने मला सतरंजीवर बसवलं, टरबुजाची फोड दिली आणि माझ्या फ्रॉकचा रंग भोंग्यावरून सांगायला लावला. आजी धावत आली ती रागावलीच नाही. आधी मावशीच्या पाया पडली, मग तिच्याचकडून मला हिरव्या बांगड्या भरल्या.