मदत हवी आहे: ओरिएंटीयरिंगचा फाल्गुनातला सरावाचा आठवडा, सातपुड्याच्या पायथ्याशी

राम राम मंडळी,

मी यावल तालुक्यातला, वय २७, घरची केळी आहे. कॉलेजात एनसीसीमध्ये नकाशावाचन शिकलो आणि तिथून ओरिएंटीयरिंगची ओढ लागली. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो: हातात नकाशा आणि होकायंत्र, रानात ठिकठिकाणी लावलेले नारिंगी-पांढरे झेंडे (आम्ही त्यांना कंट्रोल म्हणतो) ठरलेल्या क्रमाने गाठायचे, वाट आपली आपण काढायची आणि सगळं पळत करायचं. मार्चअखेर मध्यम अंतराची एक शर्यत आहे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पाण्या-खताचं काम भाऊ बघणार आहे, म्हणजे मला सलग सात दिवस मिळतात. ते कसे वापरावेत, यासाठी हा धागा.

अडचण पायांची नाही. १० किलोमीटर मी ४१ मिनिटांत पळतो. अडचण डिसेंबरातल्या शर्यतीत झाली तशी होते. सहाव्या कंट्रोलला माझी १९ मिनिटं गेली. दोन नाले शेजारी-शेजारी, दोन्ही दक्षिणेला उतरणारे, दोन्हींच्या पूर्वेला टेकाड. मी पलीकडच्या नाल्यात होतो आणि समजत होतो की अलीकडच्याच नाल्यात आहे. नकाशात जे जे होतं ते जमिनीवर दिसत गेलं. वळण? आहे. खडक? आहे. झुडपांची दाटी? तीही आहे. झेंडा तेवढा नाही. त्याच नाल्यात तीनदा खालीवर केलं, पण ‘आपण नाल्यालाच चुकलो’ हे डोक्यात आलं नाही. त्या रात्री झोप लागली नाही.

इंटरनेटवर स्वीडनमधल्या एका क्लबच्या धावपटूचा वसंताच्या सुरुवातीचा आठवडा मिळाला. त्यांच्याकडे टिओमिला नावाची दहा जणांची रिले असते, १९४५ पासून चालत आलेली, तिचा मोठा भाग रात्री पळतात. म्हणून त्यांच्या आठवड्यात दोन सराव अंधारात, डोक्याला बॅटरी बांधून. एक दिवस चढाचे इंटर्व्हल (जोरात चढायचं, मध्ये थोडं थांबायचं, पुन्हा चढायचं), एक दिवस नकाशातल्या फक्त उंचीरेषा (सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा) बघून पळणं, रविवारी दोन तासांहून जास्त जंगलात. झाडांच्या सावलीत अजून बर्फ, खाली दलदल, थंडी शून्याच्या आसपास. आमच्याकडे त्याच दिवसांत दुपारी पारा ३७-३८ला टेकतो. दलदल राहू द्या, पायथ्याच्या बझाडा पट्ट्यात (डोंगरातून वाहून आलेल्या गोट्या-वाळूच्या जमिनीत) नाल्याचं पाणीसुद्धा गोट्या-वाळूत जिरून जातं आणि एका नाल्याचे पुढे तीन फाटे होतात.

दुसरी अडचण नकाशाची. शर्यतीचा नकाशा १:१०,००० असतो आणि उंचीरेषा दर ५ मीटरला. माझ्याकडे सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा आहे, जुन्या क्रमांकाने ४६ ओ मधला, रेषा दर २० मीटरला. म्हणजे शर्यतीत एका सेंटीमीटरला १०० मीटर आणि माझ्या सरावाच्या कागदावर ५००. मला ज्या टेकाडाने फसवलं तसलं टेकाड त्यात उमटतच नाही.

तर नकाशा नसताना नकाशाचा सराव कसा करावा? आणि स्वीडनच्या आठवड्यातलं काय ठेवावं, काय टाकावं?

प्रतिसाद

भाऊ, मी धुळ्याकडचा. फौजेत असताना बरीच वर्षं हा खेळ खेळलो, आता पोरांना शिकवतो. तुम्हाला जे झालं त्याला आम्ही समांतर चूक म्हणतो. ती सगळ्यांची होते, चांगल्या-चांगल्यांची होते. आमच्या अहिराणीत म्हणायचं तर पाय पुढे पयतस नि डोकं मांगे राही जास.

उपाय एकच आणि तो सवयीचा आहे. नाल्यात शिरण्याआधी स्वतःला विचारायचं, शेजारच्या नाल्यापासून हा वेगळा कशाने? जुळणाऱ्या खुणा शोधल्या की त्या सापडतातच, रानात वळण आणि खडक काय कमी आहेत का. न जुळणारी एक खूण धरायची. तुमच्या दोन नाल्यांपैकी एक नैऋत्येकडे कलत असेल तर होकायंत्र नाल्याच्या दिशेने धरलं की दोन सेकंदांत निकाल लागतो. शिवाय किती नाले ओलांडायचे ते आधी मोजून ठेवायचं आणि पावलं मोजायची. सपाटीवर पळताना माझी १०० मीटरला ४० दुहेरी पावलं (एकाच पायाची मोजायची) होतात, चढाला त्याहून बरीच जास्त. तुमचा आकडा तुम्ही काढा. शाळेच्या मैदानावर टेप लावून मोजा, मग गोट्यांच्या नाल्यात मोजा. दोन्ही आकडे हातावर पेनने लिहा.

नकाशा स्वतः बनवा. ओपन ओरिएंटीयरिंग मॅपर नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. गावाजवळचं अर्धा चौरस किलोमीटर गायरान घ्या, उपग्रहाचं चित्र खाली ठेवा, मग कागद घेऊन चालत जा आणि प्रत्येक बांध, घळ, मोठा दगड, एकटं झाड टिपा. उपग्रहाच्या आकड्यांवरून काढलेल्या बारीक उंचीरेषांवर विश्वास ठेवू नका, टेकाडाचा आकार डोळ्याने बघून काढा. तीन सकाळी जातील. पण जमिनीचा कागद कसा होतो हे ज्याने एकदा हाताने केलं, त्याला कागदाची जमीन करता येते. माझ्या पोरांमध्ये सगळ्यात मोठा फरक मी याच कामाने पडलेला पाहिला आहे, इंटर्व्हलने नाही.

त्याच नकाशाची एक प्रत फक्त तपकिरी रेषांची, म्हणजे उंचीरेषांची, छापा. वाटा नाहीत, झाडी नाही, काळे दगड नाहीत. त्यावर पळा, हळू पळा. हा स्वीडनचा दिवस अजिबात टाकू नका.

आणि ऋतूचं एक ध्यानात ठेवा. नकाशात पांढरं म्हणजे सहज पळता येईल असं जंगल, हिरवं म्हणजे दाट. पावसाळ्याच्या शेवटी कोणी नकाशा काढला असेल तर त्यातलं फिकट हिरवं मार्चमध्ये पानगळीमुळे पांढऱ्यासारखं पळता येतं. सागाच्या रानात लांबवर दिसतं. उलट उतारावर वाळलेल्या पानांखाली सुटे गोटे असतात, तिथे घोटा जातो. उतरताना वेग काढू नका.

प्रतिसाद

दादा, मी धडगावकडची, माझं माहेर-सासर दोन्ही सातपुड्यातलं. पळण्यातलं मला कळत नाही, रानातलं कळतं, म्हणून लिहिते.

मार्चमध्ये मोह गळायला लागतो. पहाटे बायामुलं वेचायला जातात आणि अस्वलंही येतात. अंधारात एकट्याने मोहाच्या झाडांकडे जाऊ नका. मोहाखालचा पालापाचोळा काही ठिकाणी जाळतात, ती आग वाऱ्याने पसरते. धूर दिसला तर त्या डोंगरावर चढू नका, आग चढाकडे माणसापेक्षा जोरात येते. तुमच्या यावलला अभयारण्य आहे, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय वाट सोडून पळू नका. गायरानाची कल्पना चांगली आहे, पण गुराख्यांना आधी सांगून ठेवा. झेंडे कशाचे आहेत हे कोणाला ठाऊक नसतं, पोरं काढून नेतात. सांगितलं तर तीच पोरं राखतील.

आणि होळीआधीच्या आठवड्यात आमच्याकडे भोंगऱ्या बाजार असतात. त्या दिवशी डोंगरातली माणसं बाजाराला गेलेली असतात. पाय मुरगळला तर हाक मारायला कोणी भेटणार नाही. सरावाचा दिवस बाजाराच्या दिवशी धरू नका.

धागाकर्ता

दादा, ताई, दोघांचे मनापासून आभार. काल दिवसभर यावरच विचार करत होतो.

आठवडा असा बसवला आहे. सोमवार ते बुधवार सकाळी साडेसहा ते साडेनऊ गायरानात नकाशा काढणं, चालतच. पळणं संध्याकाळी, हलकं, ४० मिनिटं. उन्हाची सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात, म्हणून हे संध्याकाळचं पळणं मी आजपासूनच सुरू करतोय, साडेपाचला, रस्ता तापलेला असतानाच पण हळू. ओआरएसचं पाकीट मोजून एक लिटर पाण्यात, अर्ध्या लिटरात नाही. ही चूक मी आधी करत होतो.

गुरुवारी तपकिरी रेषांचा नकाशा. शुक्रवारी विश्रांती आणि कळण्याची भाकरी. शनिवारी चढ: गायरानाच्या टेकाडावर दोन-दोन मिनिटांचे आठ चढ, पण प्रत्येक चढाच्या आधी नकाशातला एक तुकडा बघून खिशात घालायचा आणि वर पोचल्यावर धापा टाकत तो मातीत काढायचा. डिसेंबरात डोकं बंद पडलं ते दमल्यावरच, त्यामुळे दमलेल्या अवस्थेतच हे करायला हवं.

रात्रीचे सराव ठेवायचे ठरवले होते, कारण उन्हाला तोच उपाय वाटत होता. ताईंचं वाचून रानातले रद्द केले. केळीच्या बागांतूनही नाही, आमच्या भागात बिबट्याच्या बातम्या येतात. त्याऐवजी पहाटे पाचला गावातच, शाळा, मंदिर, गल्ल्या यांचा १:४,००० चा छोटा नकाशा करून डोक्याला बॅटरी लावून पळेन. बोळातून नेमका वळसा घेणं हेही नकाशाचंच काम आहे.

राहता राहिला रविवार. मॅपरन नावाच्या अॅपमध्ये कंट्रोल फोनवरच ठेवता येतात, झेंडा लागत नाही, पोचलं की फोन वाजतो. पण ते मी ठेवले तर कुठे आहेत हे मला आधीच ठाऊक असणार, आणि मग शेजारच्या नाल्यात शिरण्याची शक्यताच उरत नाही. मला तीच हवी आहे. जळगाव, भुसावळ, चोपडा भागातलं कोणी शनिवारी संध्याकाळी येऊन माझ्या नकाशावर दहा कंट्रोल लपवू शकेल का? शक्यतो दोन सारख्या दिसणाऱ्या घळींमध्ये. मुक्काम आणि जेवण आमच्याकडे, भरीत-पुरी नक्की. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.