शब्दचर्चा : जाहिरात ‘गाळणे’, ‘अडवणे’ की ‘पत्ता न देणे’?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली) : आमच्या गृहनिर्माण संस्थेतील काही घरांनी राउटरमधला डीएनएस (डोमेन नेम सिस्टीम, म्हणजे संकेतस्थळांचे पत्ते सांगणारी सेवा) बदलून मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप अशा सगळ्याच उपकरणांवरील जाहिराती बऱ्याच कमी करून घेतल्या आहेत. इतरांसाठी मी पानभर मराठी सूचना लिहीत आहे. मसुद्यात मी ‘जाहिराती गाळणे’ असे लिहिले आहे; एका सभासदांनी ‘जाहिरातबंदी’ सुचवले असून मुलांच्या तोंडी तर ‘ॲड ब्लॉक केल्या’ याखेरीज दुसरे काही येतच नाही. छापील मजकुरात कोणते क्रियापद योग्य ठरेल?

प्रतिसाद (सातारा) : क्रियापद ठरवण्याआधी ही क्रिया नेमकी कोठे घडते ते पाहावे लागेल. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या डीएनएसचे मुख्य काम म्हणजे संकेतस्थळाचे नाव घेऊन त्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आकडी पत्ता, सांगणे. आपण वर्तमानपत्राचे पान उघडतो तेव्हा त्या पानात जाहिराती पुरवणाऱ्या सर्व्हरांचीही नावे असतात आणि मोबाइल त्यांचेही पत्ते डीएनएसकडे मागतो. ॲडगार्डसारख्या सार्वजनिक डीएनएसकडे किंवा घरीच रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालवलेल्या पाय-होल या जाहिरातरोधक प्रणालीकडे अशा नावांची यादी असते. विचारलेले नाव त्या यादीत सापडले, की ‘०.०.०.०’ हा निरुपयोगी पत्ता किंवा ‘असे नावच नाही’ हे उत्तर दिले जाते. याचा अर्थ असा, की जाहिरात घरापर्यंत येऊन परत जात नाही. तिला बोलावणेच धाडले जात नाही.

म्हणून ‘गाळणे’ मला येथे पटत नाही. चहा गाळायचा तर पावडरही गाळणीत यावी लागते, आणि डीएनएसच्या हाती तर पानाचा मजकूर कधीच पडत नाही. ब्राउझरमधील जाहिरातरोधक विस्तार (एक्स्टेन्शन) मात्र प्रत्यक्ष पान पाहून त्यातले नको ते भाग काढतात, तेव्हा ‘गाळणे’ त्यांच्यासाठी राखून ठेवावे. ‘अडवणे’ म्हटले की कोणीतरी दारापर्यंत आलेले असते. ‘बंदी’ला दारूबंदी, नोटाबंदी असा सरकारी हुकमाचा वास आहे, आणि संस्थेच्या सूचनाफलकावर तो शब्द वाचून उगाच वाद उपस्थित होतील. ‘थांगपत्ता लागू न देणे’ हा आपला जुना वाक्प्रचार आशयाच्या दृष्टीने चपखल आहे, पण सूचनापत्रात तो फार नटवा वाटेल. शीर्षकात ‘रोखणे’ हे सर्वसाधारण क्रियापद ठेवावे आणि खुलाशात ‘जाहिरातींच्या सर्व्हरचा पत्ता न देणे’ असे स्पष्ट लिहावे, असे माझे मत आहे.

असे लिहिल्याने पुढच्या शंकाही परस्पर मिटतात. यूट्यूबवरील जाहिराती या उपायाने जात नाहीत, कारण व्हिडिओ आणि जाहिरात एकाच नावाच्या सर्व्हरांवरून येतात. त्यांचा पत्ता नाकारला तर व्हिडिओही बंद पडेल. बातमीच्या मधोमध पांढरी रिकामी चौकट उरते, कारण पानातील जागा तशीच राहते. शोधनिकालातला ‘प्रायोजित’ दुवा दिसतो, पण तो दाबला की बहुतेकदा पान उघडत नाही. ‘गाळणे’ वाचलेला माणूस म्हणेल, गाळले आहे तर दिसते कसे?

प्रतिसाद (मिरज) : वरील विवेचन मान्य आहे, परंतु ‘ब्लॉक’ला हद्दपार करू नये. मराठीत सदनिकेलाही ब्लॉक म्हणतात आणि रेल्वेचा मेगाब्लॉकही आपल्या अंगवळणी पडलेला आहे. तरीही ‘करणे’ जोडले की कोणाचा गोंधळ होत नाही. शिवाय यादीत एखादे नाव घालताना पडद्यावर तोच शब्द समोर येतो. ‘पत्ता कट करणे’ हा प्रयोग मोहात पाडणारा आहे खरा, पण त्यातला पत्ता पत्त्यांच्या खेळातला आहे.

दुसऱ्या एका क्रियेलाही शब्द लागेल. काही टीव्हींमध्ये ८.८.८.८ हा गूगलचा डीएनएस आधीच बसवलेला असतो, आणि काही ब्राउझर २०१८ मध्ये प्रमाणित झालेल्या पद्धतीने डीएनएसची विचारणा एचटीटीपीएस या सुरक्षित जोडणीमधून थेट बाहेर पाठवतात. अशा वेळी ‘हे उपकरण घरच्या डीएनएसला बगल देते’ असे लिहावे. नियमाला बगल देणे आपण रोजच वाचतो.

प्रश्नकर्ता : ‘रोखणे’ आणि ‘बगल देणे’ दोन्ही घेतले. मात्र ‘पत्ता’ आता दोन अर्थांनी येऊ लागला आहे : डीएनएस जो सांगतो तो, आणि डीएनएसचा स्वतःचा, जो राउटरमध्ये भरायचा असतो. शिवाय प्रणाली म्हणून ‘डीएनएस बदलली’ लिहावे की सर्व्हर म्हणून ‘बदलला’?

प्रतिसाद (सातारा) : बोलताना सगळे ‘बदलला’च म्हणतात, आणि येथे बदलतो तो सर्व्हरच, तेव्हा पुल्लिंग ठेवावे. दुसऱ्या ठिकाणी ‘पत्ता’ शब्द टाळता येतो : ‘राउटरच्या डीएचसीपी (उपकरणांना जोडणीची माहिती देणाऱ्या) विभागात डीएनएससाठी असलेल्या दोन चौकटींत ९४.१४०.१४.१४ आणि ९४.१४०.१५.१५ हे आकडे भरावेत व राउटर बंद करून पुन्हा चालू करावा.’ राउटरमध्ये आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल, तर त्याच्या डीएनएसच्या चौकटी निराळ्या असतात हेही लिहावे. त्या तशाच राहिल्या तर उपकरणे त्या वाटेने बगल देतील.