सिनेमांच्या संग्रहाला रेड-५ कशाला?

खटपट्या

शेजारच्या धाग्यात एका नवख्याला सल्ला मिळालाय: "१२ टीबीच्या चार डिस्क घे, रेड-५ लाव, एक गेली तरी काही बिघडत नाही. बॅकअपची कटकटच मिटली." खाली सात जणांचं +१. तिथे उत्तर लिहायला बसलो, ते लांबलं, म्हणून हा वेगळा धागा. (रेड-५ म्हणजे डिस्क एकत्र जोडून प्रत्येक फाइलचे तुकडे सगळ्यांवर पसरणं; सोबत पॅरिटी, म्हणजे एक डिस्क गेली तर तिच्यावरचं उरलेल्यांवरून परत काढता येईल असा जादा हिशोब.)

बॅकअपचं एका ओळीत संपवतो. चुकून पुसलेला फोल्डर रेड-५ चारही डिस्कवरून त्याच क्षणी इमानेइतबारे पुसतं. पुढे.

मीडिया पीसीला, म्हणजे सिनेमे लावायच्या संगणकाला, वेग लागत नाही. ४के ब्लू-रेची मूळ फाइलसुद्धा सेकंदाला दीडशे मेगाबिटच्या आतच वाहते, म्हणजे १९ एमबीही नाही. एकटी ५४०० आरपीएमची डिस्क १५० एमबी सहज देते. म्हणजे प्रत्येक सिनेमाचे तुकडे चारही डिस्कवर पसरून हाती काय लागलं? दोन डिस्क एकदम गेल्या की सगळा संग्रह गेला, एवढंच.

त्याच चार डिस्कवर स्नॅपरेड लावा, हे फायली न तोडता पॅरिटी वेगळ्या डिस्कवर ठेवणारं सॉफ्टवेअर. तीन डेटाच्या, एक पॅरिटीची, जागा तीच ३६ टीबी. प्रत्येक डिस्कवर आपापली साधी फाइलसिस्टिम (फायली मांडून ठेवायची पद्धत), वर मर्जरएफएस टाकून सगळ्यांचा मिळून एक फोल्डर. डेटाच्या दोन डिस्क गेल्या तर त्या दोघींवरचे सिनेमे जातील. तिसरी काढून दुसऱ्या कुठल्याही लिनक्सला जोडा, ती वाचता येते. रोज रात्री सिंक (बदललेल्या फायलींप्रमाणे पॅरिटी ताजी करणं), आठवड्याला स्क्रब (साठवलेलं वाचून शाबूत आहे का ते तपासणं). नुसतं 'स्क्रब' म्हटलं तर ते ८ टक्केच भाग तपासतं, म्हणजे पूर्ण फेरी व्हायला तीन महिने लागतात. तेवढं पुरे.

त्रिकूट

असहमत. "रात्री सिंक" हे किती सहज लिहून मोकळे झालात! सकाळी आलेली फाइल रात्रीपर्यंत उघड्यावर. त्याहून वाईट म्हणजे, पहिल्या डिस्कवरची जुनी फाइल दुपारी पुसली आणि संध्याकाळी दुसरी डिस्क गेली, तर दुसरीवरचे जे ब्लॉक (डेटाचे ठोकळे) त्या पुसलेल्या फाइलच्या पॅरिटीशी बांधलेले होते ते परत येत नाहीत. फाइल पुसली एकीकडची, मेली दुसरीकडची. हे नवख्याला कोण सांगणार?

झेडएफएस या फाइलसिस्टिमवर रेड-झेड२ करा, म्हणजे दोन डिस्क गेल्या तरी तगणारं रेड. प्रत्येक वाचनाला चेकसम (डेटा बिघडला का ते सांगणारा आकडा) तपासला जातो, चुकला तर पॅरिटीवरून जागच्या जागी दुरुस्त होतो. "डिस्क वाढवता येत नाही" हे जुनं रडगाणंही संपलं, ओपनझेडएफएस २.३ पासून, म्हणजे जानेवारी २०२५ पासून, चालू रेड-झेडला एकेक डिस्क जोडता येते.

खटपट्या

@त्रिकूट, जोडता येते, पण आधीचे ब्लॉक जुन्याच प्रमाणात राहतात. ती जागा परत हवी असेल तर सगळा डेटा नव्याने लिहायचा. हे तुम्ही किती सहज वगळलंत!

पुसण्याचा मुद्दा खरा आहे. त्यावर उपाय असा: फाइल पुसायची नाही, 'कचरा' नावाच्या फोल्डरात हलवायची आणि सिंक झाल्यावरच खरी पुसायची. मध्येच डिस्क गेली तर 'फिक्स' (गेलेलं परत काढायची स्नॅपरेडची आज्ञा) चालवताना तो फोल्डर इम्पोर्ट म्हणून द्यायचा, म्हणजे स्नॅपरेड ते ब्लॉक तिथून उचलतं. आणि सिंकच्या आधी 'डिफ' (मागच्या सिंकपासून काय बदललं त्याची यादी) बघून ठरावीक आकड्यापेक्षा जास्त फायली गायब असतील तर थांबणारी स्क्रिप्ट हवीच. अख्खी डिस्क रिकामी दिसली तर स्नॅपरेड स्वतःहून थांबतं. अर्धी उडाली असेल तर मात्र निमूट सिंक करून मोकळं होतं.

आरसेमहाल

एवढ्या स्क्रिप्टा आणि कचऱ्याचे फोल्डर सांभाळण्यापेक्षा दोन मोठ्या डिस्क, मिरर (दोन्हींवर तेच), विषय संपला. एक गेली तर दुसरीवरून सरळ नक्कल.

त्रिकूट

आणि निम्मी जागा पाण्यात.

अनुस्वार

रेड-५ ला नावं ठेवणारे लवकरच १२.५ टीबीचा हिशोब घेऊन येतील, म्हणून आधीच लिहिते. डेटाशीटवर "१०^१४ बिटांमागे एक न वाचता येणारा सेक्टर" (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा) असं असतं. १०^१४ बिट म्हणजे १२.५ टीबी. रीबिल्डला, म्हणजे गेलेल्या डिस्कवरचं नव्या डिस्कवर उभारायला, उरलेल्या तीन डिस्कचे ३६ टीबी वाचायचे, म्हणून रीबिल्ड फसणारच, असा तो सिद्धान्त. पण तो आकडा कमाल मर्यादेचा आहे, सरासरी नव्हे. हिशोब खरा असता तर ३६ टीबीच्या प्रत्येक मासिक स्क्रबला दोन-तीन चुका निघाल्या असत्या. धडधाकट डिस्कवर वर्षानुवर्षं शून्य निघतात.

रीबिल्ड फसतो तो वेगळ्याच कारणाने. साधी डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टरवर अडली की मिनिट-दोन मिनिटं एकटीच झगडत बसते. लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा) वाट बघतो ३० सेकंद. तेवढ्यात उत्तर नाही आलं की लिंक रीसेट होते, आणि एका सेक्टरपायी अख्खी डिस्क अॅरेबाहेर. नॅसच्या (घरगुती स्टोरेज सर्व्हरसाठीच्या) डिस्क ७ सेकंदांत हार मानतात, मग तो सेक्टर पॅरिटीवरून भरून निघतो. स्मार्टसीटीएल या आज्ञेने 'एससीटीईआरसी' (खराब सेक्टरवर किती वेळ झगडायचं ती मर्यादा) विचारा. चालत असेल तर ७०,७० द्या. एकक दशांश सेकंदाचं आहे. "नॉट सपोर्टेड" आलं तर त्या डिस्कचा कर्नलमधला टाइमआउट ३० वरून १८० करा. बऱ्याच डिस्क वीज गेली की दिलेलं विसरतात, म्हणून दर बूटला चालेल असं लिहून ठेवा.

दुसरं कारण एसएमआर, म्हणजे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवून लिहिणारी डिस्क. १२ टीबीचा रीबिल्ड धड डिस्कवर १९-२० तास घेतो. एसएमआर डिस्कवर कॅशचा पट्टा भरला की लिहिण्याचा वेग कोसळतो आणि दिवसच्या दिवस जातात. २०२० साली वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड'मधल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर निघाल्या आणि मग सीएमआरसाठी (पट्टे एकमेकांवर न चढवणाऱ्या डिस्कसाठी) 'रेड प्लस' हे नाव वेगळं काढावं लागलं. नाव बघून नव्हे, मॉडेल नंबर बघून घ्या.

वॅटमोजणी

मूळ प्रश्नात कुणी वीज मोजलीच नाही. रेड-५ असो की रेड-झेड, एक सिनेमा लावला की सगळ्या डिस्क फिरतात. स्नॅपरेडवर एकच फिरते, बाकीच्या झोपलेल्या (मोटर बंद). फिरती डिस्क पाचेक वॅट खाते, झोपलेली एकाच्या आत.

त्रिकूट

डिस्क झोपवणं हा डिस्क मारण्याचा सभ्य मार्ग आहे. सततच्या चालू-बंदने मोटर आणि हेड झिजतात. सर्व्हरमध्ये कुणी डिस्क झोपवत नाही.

वॅटमोजणी

सर्व्हरची पोथी घरात नका वाचू. सर्व्हरला २४ तास गिऱ्हाईक असतं. इथे रात्री एक सिनेमा. स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच ठेवते त्या नोंदींत) ४ नंबरला मोटरचे चालू-बंद, १९३ ला हेड पार्क (वाचणारं हेड बाजूला नेऊन ठेवणं). डेटाशीटवर हेड पार्कचा आकडा बहुधा ३ किंवा ६ लाख असतो. दिवसाला दहादा झोपवलं तरी वर्षाचे ३,६५०. करा भागाकार.

त्रिकूट

भागाकार कागदावर छान दिसतो. सहा डिस्क एकदम जाग्या झाल्या की प्रत्येकी १२ व्होल्टवर दोनेक अँपियर ओढतात, म्हणजे दीडशेच्या आसपास वॅट एका झटक्यात. त्यात एका केबलवरून चार डिस्कना वीज देणारे स्वस्त स्प्लिटर! व्होल्टेज पडतं, एखादी डिस्क गळते, आणि मग "डिस्क खराब निघाली" म्हणून बोंब.

वॅटमोजणी

सहा एकदम जाग्या होतात त्या तुमच्या रेड-झेडमध्ये. स्नॅपरेडमध्ये एक.

अनुस्वार

दोघेही जरा दमाने. झोपवणं वाईट नाही, चुकीचं झोपवणं वाईट. डिस्क किती वेळाने झोपवायची ते ठरवणाऱ्या एचडीपार्मच्या 'एस'ला लोक ६० देतात आणि तासभर समजतात. २४० पर्यंतचा आकडा पाच-पाच सेकंदांचा असतो, म्हणजे ६० = ५ मिनिटं. सिनेमा थोडा थांबवला की डिस्क झोपते, परत लावला की दहा सेकंद पडदा गोठतो, आणि खापर प्लेअरवर. अर्ध्या तासाला २४१, तासाला २४२.

दुसरं म्हणजे जेलिफिन किंवा प्लेक्सचा (सिनेमांची लायब्ररी चालवणारी सॉफ्टवेअरं) डेटाबेस आणि पोस्टर एसएसडीवर ठेवा आणि लायब्ररी स्कॅन रात्री सिंकच्या आधी लावा, तेव्हा डिस्क तशाही जाग्या होणार असतात. स्मार्टडीला (डिस्कची तब्येत बघत राहणारा प्रोग्राम) 'स्टँडबाय असेल तर उठवू नको' सांगायचं विसरलात तर तो दर अर्ध्या तासाला दार ठोठावतो. हे तिन्ही करणार नसाल तर त्रिकूट म्हणतात तेच बरं, फिरत ठेवा.

त्रिकूट

"म्हणतात तेच बरं." आभारी आहे, ताई. कोरून ठेवतो.

खटपट्या

धागा रेड-५ चा होता, गेला झोपेवर. असो. घरचे फोटो, कागदपत्रं, रोज बदलणारं काहीही स्नॅपरेडवर ठेवू नये, त्याला झेडएफएसचा मिरर आणि बाहेर एक प्रत, इथे त्रिकूट यांचं मान्य. नाइलाजाने. सिनेमांसाठी नाही.

त्रिकूट

सिनेमांसाठी स्नॅपरेड चालेल. कचऱ्याचा फोल्डर रोज सांभाळणारा माणूस घरात असेल तर.

आरसेमहाल

मिरर.

नवखा_१

तो सल्ला मलाच मिळाला होता. डिस्क अजून घेतलेल्या नाहीत. १८ टीबीच्या घेतल्या आणि पॅरिटीच्या डिस्कवर ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टिम) ठेवलं तर चालेल का?

अनुस्वार

एका पॅरिटी फाइलने नाही चालणार. ईएक्सटी४ वर एक फाइल १६ टेबिबाइटपेक्षा (टेबिबाइट टीबीच्या सुमारे १.१ पट) मोठी होत नाही आणि १८ टीबी म्हणजे १६.३७ टेबिबाइट. डिस्क भरत आली की सिंक अडू शकेल. पॅरिटीच्या डिस्कला एक्सएफएस ही फाइलसिस्टिम करा, किंवा पॅरिटी दोन फायलींत विभागून द्या. डेटाच्या डिस्कवर ईएक्सटी४ चालेल, तिथली ५ टक्के राखीव जागा तशीच राहू द्या. म्हणजे पॅरिटीची फाइल डेटापेक्षा थोडी मोठी झाली तरी मावते.