इन्सब्रुकच्या जुन्या गावात मुक्काम आणि गाडी, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
जूनच्या पहिल्या आठवड्यात म्युनिकहून गाडी भाड्याने घेऊन ऑस्ट्रियातले आल्प्स फिरायचा बेत आहे. आम्ही दोघं, लेक आणि माझे आईबाबा. गार्मिश, मिटेनवाल्ड, सेफेल्ड करत इन्सब्रुकला उतरायचं, तिथे मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी झिलरटाल खोऱ्यातून गेर्लोसचा घाट, क्रिमलचा धबधबा आणि लगोलग ग्रोसग्लॉकनर रोड, असं ढोबळ ठरवलंय.

घोळ असा की हॉटेल मिळालंय ते थेट जुन्या गावात, गोल्डनेस डाखलच्या मागच्या गल्लीत. बायकोला तो मॅक्सिमिलियन बादशहाचा सोनेरी छपराचा सज्जा सकाळी सकाळी, टूरच्या बसेस यायच्या आत बघायचाय (२६५७ तांब्याचे पत्रे आहेत म्हणे, सोन्याचा मुलामा दिलेले), म्हणून हट्टाने तिथेच बुक केलं. पण तो सगळा भाग पायी चालणाऱ्यांचा, आणि हॉटेलला मेल केला तर 'जवळ पार्किंग आहे' एवढंच उत्तर. आईचे गुडघे दुखतात, मोठ्या बॅगा आहेत, गाडी नेमकी लावायची कुठे?

दुसरं म्हणजे सेफेल्डहून खाली येताना झिर्लरबेर्गचा उतार १६ टक्क्यांपर्यंत आहे असं वाचलं. वरंधा, ताम्हिणी बरेचदा केलेत, पण इथे डावीकडचं स्टिअरिंग, उजवीकडून चालवायचं आणि गाडी खचाखच भरलेली, तर ऑटोमॅटिक घेऊ की मॅन्युअलच बरी? आणि विग्नेट (ऑटोबानचा, म्हणजे एक्स्प्रेसवेचा, टोल पास) घ्यावं लागेल का? जाणकारांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद १:
मार्क्टहालेचं गॅरेज बघा, इन नदीच्या काठाला, तिथून जुनं गाव चालत पाचेक मिनिटं. हॉटेलला मोघम विचारू नका, सामान उतरवायला गाडी आत चालते का, कुठल्या गल्लीतून आणि किती वाजेपर्यंत, असं नेमकं विचारून लेखी घ्या. नाहीच म्हणाले तर आईबाबांना आणि बॅगांना टॅक्सीने पाठवा.
विग्नेट ऑटोबानला लागतं. झिर्लहून साध्या रस्त्याने गेलात तर नाही लागणार, पण जीपीएस हमखास ऑटोबानवर नेऊन घालतो, सरळ दहा दिवसांचं घेऊन टाका. गेर्लोस आणि ग्लॉकनरचा टोल वेगळा, ग्लॉकनरचा एकट्याचाच चाळीस युरोच्या वर. लायसन्ससोबत आरटीओतून आयडीपी (इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट) काढलंय ना?

प्रतिसाद २:
ऑटोमॅटिकच घ्या, पण उतारावर मॅन्युअल मोडमध्ये दुसऱ्या गिअरला टाका, नुसत्या ब्रेकवर उतरू नका. ब्रेक फेल झालेल्या गाड्यांसाठी तिथे बाजूला खडीचे चढ करून ठेवलेत, यावरून काय ते समजा.
क्रिमल आणि ग्लॉकनर एका दिवसात कोंबू नका हो. ग्लॉकनरच ४८ किमी आणि ३६ हेअरपिन आहेत, रात्री गेट बंद होतं. झेल आम झे गावात राहा आणि सकाळी लवकर चढा. फ्रांझ योसेफ होहे या व्ह्यू पॉइंटपर्यंत गाडी जाते, आईंना फार न चालता पास्टर्झे हिमनदी दिसेल.
इन्सब्रुकमध्ये श्टाटटुर्म मनोऱ्याच्या १३३ पायऱ्या त्यांना चढायला लावू नका. त्यापेक्षा काँग्रेस स्टेशनवरून हुंगरबुर्गबानने (डोंगर चढणारी छोटी रेल्वे) आणि पुढे केबल कारने झेग्रुबला जा, १९०५ मीटर, तेही चढ न चढता.