अनुभव धागा : मूल कसा विचार करतंय ते दाखवणारे वर्गातले उपक्रम

प्राथमिकच्या वर्गासाठी उपक्रमांची वानवा नाही. रंगीत, देखणे, फोटो काढण्याजोगे हवे तितके सापडतात. मला हवेत ते जरा वेगळे : ज्यांच्यामुळे एखाद्या मुलाच्या डोक्यात नेमकं काय चाललंय ते शिकवणाऱ्याला दिसलं, असे. म्हणून लिहिताना दोनच गोष्टी पाळा. कृती अशी सांगा की वाचणाऱ्याला उद्याच्या तासाला करता यावी. आणि त्यातून मुलांबद्दल काय कळलं, तेही लिहा. मोठे वर्ग, जोडवर्ग, घरी शिकवणारे पालक, सगळ्यांचं स्वागत.

सुरुवात मीच करते. दुसरीची हातच्याची वजाबाकी. ४३ − १७ चं उत्तर वर्गातली बरीच मुलं ३४ काढतात. याला आपण धांदरटपणा म्हणतो, पण तो नसतो. मुलाने स्वतःपुरता एक नियम बसवलेला असतो : मोठ्यातून लहान वजा करायचं. सातातून तीन गेले चार, चारातून एक गेला तीन. फळ्यावर 'शेजारून दशक उसना घे' कितीही वेळा म्हणा, तो नियम जागचा हलत नाही.

मी काड्या, रबरबँड आणि एक फासा घेऊन 'शंभराची शर्यत' खेळवते. चार-चार जणांचे गट. फाशावर पडेल तितक्या काड्या घ्यायच्या, दहा झाल्या की गठ्ठा बांधायचा, दहा गठ्ठे झाले की त्यांचा मोठा गठ्ठा. हे सगळ्यांना जमतं. खरी मजा उलट्या शर्यतीत. सुरुवातीलाच हातात मोठा गठ्ठा, आणि पडेल तितक्या काड्या परत द्यायच्या. पहिल्याच फाशाला गाडी अडते. चार द्यायच्यात आणि सुटी काडी एकही नाही. थोडा वेळ सगळे एकमेकांकडे बघतात, मग कोणीतरी विचारतं, "बाई, सोडू का?" हा प्रश्न त्यांच्याकडून येईपर्यंत मी तोंड उघडत नाही.

मग ४३ − १७ काड्यांवर. चार गठ्ठे, तीन सुट्या. सात हव्यात, एक गठ्ठा सुटतो, तेरा होतात, सहा उरतात, गठ्ठ्यांतला एक जातो, दोन राहतात. २६. यानंतर लगेच अंकांवर उडी मारायची नाही. पाटीवर गठ्ठ्यासाठी उभी रेघ, सुटीसाठी टिंब, असं काही दिवस चालू द्यायचं. आधी हाताने, मग चित्राने, मग चिन्हाने, हा क्रम जेरोम ब्रूनर यांनी १९६० च्या दशकात मांडला. आपल्याकडून गाळली जाते ती नेहमी मधली पायरी.

पहिलीच्या वर्गावरून

गठ्ठ्यांचा आणखी एक उपयोग. पंचवीस लिही म्हटलं की काही मुलं ५२ लिहितात. कानावर पाच आधी येतो, हातही आधी पाचच लिहितो. अशा वेळी वही बाजूला ठेवून मी म्हणते, पंचवीस काड्या दाखव. जो दोन गठ्ठे आणि पाच सुट्या ठेवतो त्याला संख्या कळलेली आहे, फक्त लिहिण्याचा क्रम सांभाळायचाय. जो पाच गठ्ठे उचलतो त्याचं काम अजून बाकी आहे. वहीत दोघांची चूक एकच दिसते, त्यामुळे दोघांनाही 'दहा वेळा लिही' हेच औषध मिळतं, आणि पहिल्याला त्याची गरजच नसते.

मोजणीसाठी मी हातमोज्याची बाहुली वापरते. बाहुली मोजताना मुद्दाम गडबड करते : एक मणी दोनदा मोजते, एखादा गाळते, मध्येच सात विसरते. मुलांनी तिला पकडायचं. लहान मुलांच्या मोजणीचा अभ्यास करताना रोशेल गेलमन यांनीही अशीच चुकणारी बाहुली वापरली होती. एक गंमत करून पाहा. बाहुलीने मधल्या मण्यापासून सुरुवात करावी, पण सगळे मणी एकेकदाच मोजावेत. काही मुलं ओरडतात, "चुकलं!" म्हणजे मोजणी डावीकडूनच होते असं त्यांना वाटतंय. बाईंना 'चुकलं' म्हणायला बिचकणारी मुलं बाहुलीवर मात्र तुटून पडतात.

तिसरी-चौथीला शिकवणारा

मला साहित्य वगैरे लागत नाही. माझा उपक्रम म्हणजे गप्प बसणं.

मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांमधली ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात, असं त्यांना आढळलं. थांबणं तीन सेकंदांवर गेलं की उत्तरं लांब होतात, एरवी न बोलणारी मुलं बोलायला लागतात, मुलं उलट प्रश्नही जास्त विचारतात. हे वाचून मी पाठीमागे बोटांवर मोजायला लागलो. तीन सेकंद फार मोठे असतात हो! करून पाहा.

याला जोड 'विचार कर, जोडीला सांग, वर्गाला सांग' ची. फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेली रीत. माझी एक अट : वर्गाला सांगताना स्वतःचं नाही, जोडीदाराचं म्हणणं सांगायचं. "तिला वाटतं की..." अशी सुरुवात. यामुळे ऐकावंच लागतं. आणि चुकीचं उत्तर सांगायची भीती निम्म्याने कमी होते, कारण ते आपलं नसतंच. हात वर करणं मी बंदच केलंय. आइस्क्रीमच्या काड्यांवर नावं लिहून डब्यात ठेवलीत, प्रश्न आधी, तीन सेकंद, मग काडी. नाव आधी घेतलं की बाकीचा वर्ग सुटीवर जातो.

वाचन घेणारी एक ताई

शब्दांची शिडी. एका वेळी एकच अक्षर बदलायचं, दर वेळी खरा शब्द झाला पाहिजे. काम, कान, पान, पाय, गाय, गाल, माल, माळ. अक्षरं ओळखणारी पण शब्द वाचताना अडखळणारी मुलं यात पटकन दिसतात. ती दर वेळी पहिल्या अक्षरापासून नव्याने जुळवत बसतात, बाकीची फक्त बदललेल्या अक्षराकडे बघतात. जरा सरावल्यावर 'दिन'वरून 'दीन' करून दाखवा, वेलांटीवर भाषण द्यावं लागत नाही.

अगदी सुरुवातीच्या वाचकांसाठी मात्र वेगळं. न्यूझीलंडमध्ये सिल्विया ॲश्टन-वॉर्नर माओरी मुलांना रोज विचारत, आज तुला कोणता शब्द हवा? मूल सांगेल तो कार्डावर लिहून त्याला देत. दुसऱ्या दिवशी जो वाचता आला नाही तो बाद, कारण तो मुलाच्या मनातला नव्हता. मी हे गटाने करते. मुलं मागतात ते शब्द पाठ्यपुस्तकात सहसा नसतात. भूत, ट्रक, भांडण, बाळ. जोडाक्षर असलं तरी मागितलेला शब्द टिकतो.

जोडवर्गाचा शिक्षक

वरच्या सगळ्या गोष्टी एकाच इयत्तेच्या वर्गाला ठीक. माझ्यापुढे दोन इयत्ता एकाच खोलीत असतात. एकीला शिकवताना दुसरीला असं काम हवं की मला विचारायला यावं लागणार नाही, आणि ते नुसतं शुद्धलेखनही नको.

चौथीसाठी माझं आवडतं काम म्हणजे एराटोस्थेनिसची चाळणी. एक ते शंभरचा तक्ता. १ खोडायचा. २ ला गोल, त्याचे बाकीचे पट खोडायचे. मग ३, ५, ७, तसंच. उरतात त्या पंचवीस मूळ संख्या. मुलांना आकड्यांची झाडू मारून साफसफाई केल्यासारखं वाटतं, तास कसा गेला कळत नाही. सांगायचं एवढंच की ७ नंतर थांबायचं. आणि "का थांबायचं?" हा प्रश्न कागदाच्या खाली लिहून ठेवायचा. बहुतेक जण "कारण संपले" लिहितात. एखादीच ११ चे पट शोधायला जाते आणि २२, ३३, ४४ सगळे आधीच खोडलेले बघून चक्रावते. ११ गुणिले ११ म्हणजे १२१, तक्त्याबाहेर, इथपर्यंत ती आली की मी धाकट्या इयत्तेला पाच मिनिटं सोडून तिच्याजवळ जाऊन बसतो.

निवृत्त शिक्षिका

धाग्याच्या विषयाला धरूनच थोडं कडू बोलते. अपूर्णांकांच्या नावाखाली तासभर कातरकाम आणि रंगकाम, गणित शेवटची पाच मिनिटं, असे तास मी पुष्कळ पाहिलेत. मुलं खूश, पालक खूश. दुसऱ्या दिवशी विचारा, एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश. उत्तर येतं, चतुर्थांश, कारण चार मोठा.

त्यापेक्षा वर्गात एक दोरी बांधा. एका टोकाला ०, दुसऱ्या टोकाला १. कार्डं चिमट्याने लावायची. एक द्वितीयांश बरोबर मध्ये लागतो. मग एखाद्या मुलाच्या हातात दोन चतुर्थांश द्या. ते शेजारी जागा शोधायला लागतं, कारण एका जागी दोन कार्डं कशी लागतील? इथे वर्गात वाद होतो. होऊ द्या. शेवटी कागदाची पट्टी घडी घालून दोरीवर धरून दाखवा.

दुसरी गोष्ट, विसरण्याची. हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवून दिलं की पाठ केलेलं सुरुवातीला फार भराभर निसटतं. मी सकाळी हजेरीच्या आधी तीन प्रश्न विचारत असे : एक कालच्यातला, एक मागच्या आठवड्यातला, एक मागच्या महिन्यातला. वही न उघडता. गुण नाहीत, शिक्षा नाही. महिन्यापूर्वीच्या प्रश्नाला जे हात थबकतात, त्यावरून पुढच्या आठवड्याचं टाचण बदलायचं.

विज्ञान घेणारा

आधी अंदाज लिहून घ्या, मग प्रयोग. क्रम उलटा झाला की प्रत्येक मूल म्हणतं, मला माहीतच होतं.

मातीकामाच्या चिकणमातीचा एक गोळा. पाण्यात टाका, बुडतो. त्याच गोळ्याची पातळ वाटी करा, तरंगते. 'जड असेल ते बुडतं' म्हणणारं मूल इथे अडकतं. माती तेवढीच आहे हे ते मान्य करतं, आणि वाटी जास्त पाणी बाजूला सारते हे त्याला कडेला वर चढलेल्या पाण्यावरून दिसतं. भांड्याला आतून पेन्सिलीची खूण करायला विसरू नका.

दुसरा, बिया. ओल्या कापसावर घेवड्याच्या बिया, एक बशी खिडकीत, एक कपाटात. रुजायला ऊन लागतं असं जवळजवळ सगळी मुलं लिहितात. कपाटातल्याही रुजतात. एवढंच नाही, काही दिवसांनी त्या जास्त उंच, पण फिक्या पिवळट आणि लुळ्या दिसतात. "मग अंधारात वाढ चांगली होते का?" असं विचारून मी चर्चा पेटवून देतो. साठवलेलं अन्न बीमध्येच असतं, हे कळायला मग फार बोलावं लागत नाही.

एक पालक

आमच्या घरातलं छोटंसं. टेबल वितीने मोजायला सांगितलं. मुलाच्या बारा विती, माझ्या नऊ. तो म्हणाला, टेबल तुझ्यासाठी लहान झालं. हे मी अजून मोडून काढलेलं नाही, एक मीटरची दोरी कापून दिली आहे आणि तो घरभर मोजत सुटलाय.

पहिलीच्या वर्गावरून, पुन्हा

शंभराची शर्यत कालच घेतली. काड्या हरवतात, त्यामुळे पुढच्या वेळी प्रत्येक गटाला मोजून डबा देणार. एक विचारायचं होतं : पहिलीला उलटी शर्यत पन्नासापासून सुरू करावी की वीसपासून? वीसला खेळ फार लवकर संपतो आणि गठ्ठा सोडायची वेळ दोनदाच येते. कोणी घेतली असेल तर सांगा.