मदत हवी आहे: सिम्स ४ च्या मॉड्स फोल्डरमधला पसारा कसा आवरू? (आजीचा वाडा न गमावता)

नमस्कार मंडळी,

गेले चार दिवस रात्रीची जेवणं आवरली की लॅपटॉप घेऊन बसते आणि साडेबाराला हात टेकून उठते. म्हणून शेवटी धागा काढतेय. सिम्स ४ (घरं बांधायची आणि त्यात माणसं वसवायची असा कॉम्प्युटर गेम) खेळणारं, त्यातही मॉड (गेममध्ये बदल करणाऱ्या बाहेरच्या फाइल्स) आणि कस्टम कंटेंट (इतर खेळाडूंनी बनवलेले कपडे, केस, वस्तू; पुढे नुसतं सीसी लिहिते) वापरणारं इथे कुणी असेल तर कृपया पूर्ण वाचा. थोडं लांबलंय, पण सगळं सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये या गेमचा मूळ भाग फुकट झाला, तेव्हा मी आणि मस्कतला असलेली माझी धाकटी बहीण, दोघींनी तो उतरवून घेतला. आमचा वाईचा वाडा त्याच्या आदल्या वर्षी विकला गेला होता. वाड्याचे फोटो मोजून अकरा, आणि तेही बहुतेक कुणाच्या तरी मुंजीतले, त्यामुळे त्यात माणसं जास्त आणि भिंती कमी. मग आम्ही ठरवलं, आठवेल तसा वाडा गेममध्ये उभा करायचा. ओसरी किती खणांची होती यावरून आमची फोनवर दोनदा भांडणं झाली. माजघरातून स्वयंपाकघरात जाताना एक पायरी खाली उतरावी लागायची, आणि प्रत्येक पाहुणा तिथे हमखास ठेचकाळायचा. ती पायरीसुद्धा आम्ही प्लॅटफॉर्म (गेममधलं जमीन उंच-सखल करायचं साधन) वापरून जमवली आहे. ओसरीवर झोपाळा आहे आणि त्याच्या शेजारी उभी आमची आजी, हिरवं इरकली लुगडं नेसलेली, मानेवर घट्ट अंबाडा.

आजीचं तसं लुगडं, तसा अंबाडा, पितळी कड्यांचा झोपाळा, पाट, फळीवरचे डबे हे काही गेममध्ये मिळालं नाही, म्हणून सीसी शोधून शोधून उतरवत गेलो. एक आवडलं की त्या माणसाचं सगळंच उतरवायचं, असं करत करत आज माझ्या मॉड्स फोल्डरमध्ये ४३१२ फाइल्स आहेत, ११.६ जीबी. सगळ्या एकाच ठिकाणी ओतलेल्या. नावं पाहून काय आहे ते कळत नाही. कित्येकांच्या शेवटी कंसात एक, कंसात दोन, म्हणजे तीच फाइल दोनदा-तीनदा उतरवलेली.

गेल्या रविवारी मी मनावर घेतलं आणि कपाट लावावं तसं फोल्डरमध्ये फोल्डर करून हजारेक फाइल्स लावल्या. दुहेरी वाटल्या त्या काढून टाकल्या. सोमवारी गेमचं नवीन अपडेट आलं. अपडेटनंतर गेम मॉड आपोआप बंद करतो हे माहीत होतं, म्हणून पर्यायांमध्ये जाऊन सीसी आणि स्क्रिप्ट मॉड या दोन्ही खुणा परत केल्या आणि गेम पुन्हा चालू केला. तर तो नुसताच फिरत राहिला, पंधरा मिनिटं. दुसऱ्यांदा कसाबसा उघडला. वाडा उघडला तर आजीच्या डोक्यावर एक केस नाही, पूर्ण टक्कल, आणि ओसरीवरचा झोपाळा गायब.

मी घाबरून सेव्ह न करताच गेम बंद केला. त्यानंतर उघडलेला नाही.

विचारायचं असं की, आजी आणि झोपाळा परत येतील का? वाड्याला नेमक्या कोणत्या फाइल्स लागतात हे ४३१२ मधून शोधायचं कसं? आणि एवढा पसारा लावायची काही रीत आहे का, की प्रत्येक जण आपापल्या मनाने लावतो? विंडोजचा लॅपटॉप आहे, रॅम ८ जीबी. आधीच आभार.

प्रतिसाद

सेव्ह केलं नाहीत, हे तुमच्या हातून सगळ्यात चांगलं झालं. सीसी जागेवर नसताना गेम उघडला तर वस्तू नुसत्या दिसत नाहीत. पण त्याच अवस्थेत सेव्ह केलं की त्या घरातून कायमच्या जातात, मग फाइल परत आणली तरी झोपाळा आपणहून येत नाही, नव्याने ठेवावा लागतो. तुमच्या जुन्या सेव्हमध्ये झोपाळा अजून आहे.

आता काहीही करण्याआधी डॉक्युमेंट्समधलं सिम्स ४ चं अख्खं फोल्डर बाहेरच्या ड्राइव्हवर कॉपी करा. फक्त मॉड्स नको. सेव्ह्ज (तुमचा जतन केलेला खेळ) आणि ट्रे (लायब्ररीत ठेवलेली घरं आणि कुटुंबं) ही दोन फोल्डरं मॉड्सपेक्षा मोलाची आहेत. मॉड परत उतरवता येतो, सेव्ह कुठून उतरवणार? सेव्ह्जमध्ये प्रत्येक सेव्हच्या मागच्या काही प्रतीही असतात, नावाच्या शेवटी व्हर ०, व्हर १ असं असतं. त्या कचरा समजून उडवू नका.

प्रतिसाद

मी असतो तर सगळं उडवून पहिल्यापासून सुरू केलं असतं. चार हजार फाइल्स म्हणजे अति झालं. शंभर ठेवा, सुखाने खेळा.

धागाकर्ती

दादा, तुमचं म्हणणं पटतं, पण ते शंभर कुठले हेच तर मला माहीत नाही. त्यात आजीचं लुगडं आहे. ते बनवणारीचं पान आता उघडत नाही, त्यामुळे ती फाइल गेली तर गेली. उडवणं मला जमणार नाही.

पहिल्या प्रतिसादाप्रमाणे अख्खं फोल्डर बाहेर कॉपी करायला लावलंय. पंचेचाळीस मिनिटं दाखवतंय.

प्रतिसाद

ताई, एक विचारतो. रविवारी फोल्डरं केलीत म्हणता, तर आजीच्या केसांची फाइल आत्ता नेमकी कुठे आहे? पूर्ण वाट लिहा.

धागाकर्ती

मॉड्स, त्यात सीसी, त्यात माणसं, त्यात बायका, त्यात केस, त्यात लांब, त्यात अंबाडे. नावं इंग्रजीत आहेत, इथे मराठीत लिहिली.

प्रतिसाद

सापडलं. मॉड्सच्या आत मोजा: सीसी, माणसं, बायका, केस, लांब, अंबाडे. सहा झाले. गेम पाचच पातळ्या खाली उतरतो.

मॉड्स फोल्डरमध्ये रिसोर्स डॉट सीएफजी नावाची छोटी फाइल असते, ती नोटपॅडमध्ये उघडून बघा. त्यात कुठवर शोधायचं ते ओळीओळीने लिहिलेलं असतं. प्रत्येक ओळीत एकेक तिरपी रेघ वाढत जाते आणि पाचांवर थांबते. सहाव्या फोल्डरातली फाइल गेमच्या लेखी अस्तित्वातच नाही. आजीचे केस शाबूत आहेत, एक फोल्डर वर काढा.

आणि स्क्रिप्ट मॉड, म्हणजे ज्यांच्या शेवटी टीएस४स्क्रिप्ट असतं ते, याहून नाजूक. त्यांना फक्त एक फोल्डर चालतं. मॉड्स, त्यात एक फोल्डर, त्यात फाइल, बस. दोन फोल्डर आत गेलं की चालत नाहीत. त्यांच्यासोबत आलेली पॅकेज फाइल (नावाच्या शेवटी पॅकेज असलेली, सीसीही अशाच फाइलमध्ये येतं) त्यांच्याच शेजारी राहू द्या आणि नावं बदलू नका. कपडे-फर्निचरच्या पॅकेज फाइलचं नाव खुशाल बदला, स्क्रिप्टच्या नावाला हात लावायचा नाही.

गेम फिरत राहिला त्यामागे बहुतेक स्क्रिप्ट मॉडच असणार. अपडेटमध्ये गेमचा आतला कोड बदलतो आणि जुनी स्क्रिप्ट त्याच्याशी जुळेनाशी होते. कपडे आणि केस सहसा टिकतात. म्हणून आधी सगळ्या स्क्रिप्ट बाहेर डेस्कटॉपवर काढा, लोकलथंबकॅश नावाची पॅकेज फाइल उडवा (ती गेम पुन्हा बनवतो, भीती नाही) आणि मग उघडा. उघडला तरी सेव्ह करायचं नाही.

धागाकर्ती

हात थरथरत होते, खोटं नाही सांगत. रिसोर्सवाली फाइल उघडली, रेघा मोजल्या, तुम्ही म्हणता तसंच आहे. अंबाड्याचं फोल्डर वर काढलं. स्क्रिप्ट मॉड सतराच निघाले, ते बाहेर ठेवले. त्यातले काही मी मॉड्सच्या आत तिसऱ्या फोल्डरात ठेवले होते.

गेम तीन मिनिटांत उघडला. आजीचा अंबाडा आला! त्यावरचं अबोलीचं फूलही आलं. मी लगेच बहिणीला स्क्रीनचा फोटो पाठवला.

झोपाळा मात्र नाही. सेव्ह न करता बाहेर पडले.

प्रतिसाद

झोपाळ्याची फाइल आहे का फोल्डरमध्ये? असेल तर किती केबीची?

धागाकर्ती

आहे. नावात झोपाळा आणि सागवानी रंगाचा उल्लेख आहे. ३८ केबी.

प्रतिसाद

एवढ्याशा फाइलमध्ये अख्खा झोपाळा बसणं कठीण. तो नुसता रंग असणार. सीसीमध्ये वस्तूचा आकार एका फाइलमध्ये असतो, त्याला मेश म्हणतात, आणि कुणी तरी दुसरा त्याचे नवे रंग वेगळ्या फाइलमध्ये करून देतो. मेशशिवाय रंग म्हणजे आतल्या बाईविना लुगडं, दिसणार कशावर? रविवारी दुहेरी समजून काढलेल्यांमध्ये मेश गेली असेल. दोन्हींची नावं सारखीच वाटतात, मीही एकदा अशीच उडवली होती. रिसायकल बिन बघा.

धागाकर्ती

रिसायकल बिन मी त्याच दिवशी रिकामा केला, जागा हवी होती म्हणून. आता काय?

प्रतिसाद

तुमच्या बहिणीकडे वाडा आहे ना? तिला तुम्ही कसा पाठवला होतात?

ट्रे फोल्डरमधल्या फाइल्स पाठवल्या असतील तर त्यात फक्त घराचा आराखडा जातो, सीसी जात नाही. म्हणजे तिला झोपाळा दिसत असेल तर मेश तिच्या मॉड्समध्ये असलीच पाहिजे. तिला विचारा.

प्रतिसाद

अगदी हेच लिहायला आले होते. मेश मिळाली की पुढचं असं करा. झोपाळा डोळ्यांनी दिसल्यावरच घर आणि कुटुंब दोन्ही गेममधल्या माझी लायब्ररीत ठेवा. आधी ठेवलंत तर झोपाळ्याविना घर ठेवलं जाईल. आणि लायब्ररीत घर दिसलं नाही तर घाबरू नका, तिथल्या फिल्टरमध्ये कस्टम कंटेंटची खूण केल्याशिवाय सीसीवाली घरं लपलेली असतात. या खुणेपायी मी एक अख्खी दुपार रडून काढली आहे.

मग सिम्स ४ ट्रे इम्पोर्टर नावाचं फुकट साधन घ्या. त्यात तुमचं घर निवडलं की सीसीच्या भागात त्या घराला लागणाऱ्या फाइल्सची यादी येते. त्या सगळ्या निवडून वेगळ्या फोल्डरात कॉपी करा. तुम्हाला हवं ते उत्तर हेच, ४३१२ मधून वाड्याच्या फाइल्स. फक्त एक ध्यानात घ्या. त्वचा किंवा डोळे सरसकट बदलणाऱ्या फाइल्स, ज्यांना डीफॉल्ट म्हणतात, त्या कुठल्याही एका माणसाला चिकटलेल्या नसतात, त्यामुळे या यादीत येत नाहीत. रंगाच्या फाइलमागची मेशही हाताने तपासा.

लावायच्या रीतीबद्दल माझं मत ठाम आहे, कुणाला पटो न पटो. स्क्रिप्ट मॉड बनवणाऱ्याच्या नावाने लावा, प्रत्येकाचं एक फोल्डर, कारण अपडेट आलं की तुम्ही त्या माणसाच्या पानावर जाऊन नवी प्रत बघता. फर्निचर आणि कपडे मात्र प्रकाराने, कारण काढायची वेळ येते तेव्हा तुम्ही म्हणता, बुटांचा ढीग कमी करू. दोनच पातळ्या ठेवा. केस हे एक फोल्डर पुरे, अंबाड्याला वेगळी खोली नको.

प्रतिसाद

यात भर. सिम्स ४ स्टुडिओ नावाच्या साधनाने शेकडो फाइल्स एकत्र जोडून एकच करता येतात आणि गेम लवकर उघडतो. पण जोडल्यावर त्यातली एक बिघडली तर कुठली ते कळणार नाही. आधी निवडा, मगच जोडा. स्क्रिप्ट मॉडच्या पॅकेज तर कधीच जोडू नका.

धागाकर्ती

काल बहिणीशी बोलले. तिने तिचं मॉड्स फोल्डर कधीच आवरलेलं नाही, त्यामुळे २०२३ मध्ये मीच तिला पाठवलेली झिप तशीच्या तशी होती. त्यात झोपाळ्याच्या दोन फाइल्स, एक ३८ केबीची आणि दुसरी सव्वासहा एमबीची. मी दुसरी दुहेरी समजून उडवली होती.

ती टाकली, गेम उघडला, वाड्यात गेले. झोपाळा ओसरीवर, कड्यांसकट, जागच्या जागी. मग घर आणि कुटुंब लायब्ररीत ठेवलं, ट्रे इम्पोर्टर लावलं. वाड्याला आणि आजीला मिळून १३७ फाइल्स लागतात. ४३१२ पैकी १३७! त्या वाडा नावाच्या फोल्डरात ठेवल्या, त्याची एक प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर आणि एक मस्कतला.

सतरा स्क्रिप्टपैकी नऊंच्या नव्या प्रती मिळाल्या, त्या एकेक फोल्डरात बसवल्या. राहिलेल्या आठ बाहेरच आहेत. उरलेल्या चारेक हजार फाइल्स मी अजून मॉड्समधून बाहेरच ठेवल्या आहेत, त्यातून अर्ध्या-अर्ध्या आत घेऊन बिघडलेल्या शोधायच्या म्हणतेय. त्यासाठी नवा, रिकामा सेव्ह केलाय, म्हणजे वाड्याला धक्का लागणार नाही.

मेशबद्दल विचारणाऱ्या दादांचे आणि लायब्ररीतली खूण सांगणाऱ्या ताईंचे मनापासून आभार. ती खूण माझीही नव्हतीच.

एक शेवटची शंका. अर्ध्या-अर्ध्या घेताना दोन हजार आत आणि दोन हजार बाहेर अशीच सुरुवात करायची, की आधी फर्निचर एका बाजूला आणि कपडे एका बाजूला करून घेऊ?

प्रतिसाद

आधी फर्निचर आणि कपडे वेगळे करा. अपडेटनंतर वस्तू जास्त बिघडतात, विशेषतः गेमनेच त्या प्रकारच्या वस्तूंमध्ये काही बदललं असेल तर. कपड्यांचा ढीग एका फेरीत सुटायची शक्यता जास्त, मग तुमचं निम्मं काम वाचेल. प्रत्येक फेरीआधी लोकलथंबकॅश उडवायला विसरू नका.